हुरड्याच्या फोटोतला हात

गंगाखेड

प्रिय राजेश्री,

तू ग्रुप सोडून गेलीस त्याला आठवडा झाला. फोन लावते तर तू उचलत नाहीस. उचलला असतास तरी मी धड बोलले असते असं नाही; जन्मभर शाळेत शिकवून माझा आवाज असा झालाय की समजूत घालायला गेले तरी माणसाला रागावल्यासारखं वाटतं. म्हणून सरळ कागद घेतला.

आपला ग्रुप म्हणजे हौशी मंडळींचा कारभार. रविवारी प्रत्येकाने एक फोटो टाकायचा आणि दुसऱ्याच्या फोटोला नुसता अंगठा न दाखवता दोन ओळी लिहायच्या, हा अनंतरावांचा नियम. तू येईपर्यंत आम्ही तो कसा पाळत होतो ते तुला ठाऊक नाही. प्रकाश उत्तम, रंगसंगती छान, झालं. एकमेकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि मोकळं व्हायचं. मग तू आलीस आणि माझ्या गोदावरीच्या फोटोखाली लिहिलंस, 'ताई, ऊन लय चांगलं धरलंय तुमी, पण त्या नावाड्याला घरी जायची घाई हाय. त्याच्याकडं बघून मलाच थकल्यावानी झालं.' तो फोटो मी गावभर दाखवला होता. नावाडी दमलाय हे कुणाला दिसलं नव्हतं, मलाही नाही. तेव्हापासून रविवारी मी तुझ्या दोन ओळींची वाट बघायला लागले.

आणि तुझे स्वतःचे फोटो. मानवतच्या बाजारात कापसाच्या गाडीवर डुलकी लागलेला माणूस, म्हशीच्या शिंगाला अडकवलेलं पोराचं दप्तर. काच तडकलेल्या मोबाइलवर तू हे काढतेस आणि मी एवढा मोठा कॅमेरा गळ्यात घालून नुसती मिरवते. मला तुझा हेवा वाटतो, राजेश्री, आणि असा हेवा वाटावा असं कुणीतरी भेटलं याचा आनंदही होतो.

हुरड्याचा फोटो तर मी कितीदा पाहिला असेल. आगटीशेजारी बसलेल्या तुझ्या सासूबाई, चतुराबाई, ओंजळ पुढे केलेली. तू एका हातात मोबाइल धरलायस आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या ओंजळीत गरम दाणे टाकतेस. कणसं चोळून काळा झालेला तुझा तो हात, हिरव्या बांगड्यांसकट, खालच्या कडेने आत आलाय. त्यांची नजर मोबाइलकडे नाही, त्याच्या जरा वर आहे, तुझ्या तोंडाकडे. त्यांच्या तोंडात दात नाहीत म्हणून तू कोवळे दाणे वेचून देतेयस, हे त्यांना कळलंय आणि त्या हसतायत. आपल्या ग्रुपच्या परभणीतल्या प्रदर्शनासाठी आलेल्या सगळ्या फोटोंत मला हा एकच जिवंत वाटला.

अनंतरावांची खोड तुला माहीत आहे. चित्रकलेच्या मास्तरकीची सवय, कुणाचाही फोटो दिसला की 'सुधारून' परत पाठवायचा. माझ्या कितीतरी फोटोंतल्या विजेच्या तारा त्यांनी पुसल्यात. तुझ्याही फोटोवर त्यांनी कात्री चालवली आणि खाली लिहिलं, 'उपरा हात आला होता, काढला.' बाकीच्यांनी वा वा केलं. मी लेकीकडे पुण्याला होते. फोन उघडला तोवर तू 'मग ह्यो फोटो माझा न्हाई' एवढंच लिहून निघून गेली होतीस.

परत आल्यावर मी अनंतरावांकडे गेले आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. तो हात कुणाचा, हे मी सांगितलं नाही. त्यांनी बराच वेळ पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं. मग म्हणाले, हात काढल्यावर म्हातारी कुणाकडं बघून हसायलीय तेच कळंना. माणूस हट्टी आहे, पण नजर मेलेली नाही. आता प्रदर्शनात तुझा न कापलेला फोटोच लागावा असं त्यांना वाटतं, तू हो म्हणालीस तर. ते तुला फोन करणार होते. तुझ्या हाती हे पत्र पडेपर्यंत थांबा, असं मीच त्यांना सांगितलं.

एवढा निरोप कुणाहातीही धाडता आला असता. पत्र लिहिलं ते वेगळ्याच कारणाने. आमचे शंतनुराव गेले त्याला आता काही वर्षं झाली. घरातला कॅमेरा कायम त्यांच्या हातात, त्यामुळे आमच्या अल्बममध्ये मी आहे, लेक आहे, पाव्हणेरावळे आहेत, ते मात्र शोधून सापडत नाहीत. तुझा फोटो पाहिला आणि मी सगळे अल्बम खाली काढले. एकात मी घाटाच्या पायरीवर उभी आहे आणि त्यांची सावली माझ्या पावलांपर्यंत आलीय, कॅमेरा डोळ्याला लावून दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. सावली पडून फोटो बिघडला म्हणून आम्ही तो मागच्या पानात खुपसून ठेवला होता. मी त्याच्या दोन प्रती काढल्या. एक मोठ्या हौसेने लेकीला पाठवली, तर ती म्हणाली, आई, एकटीच किती छान दिसतेस गं. दुसरी या पाकिटात घातलीय, तुझ्यासाठी.

तुझीच,
उत्तराताई