निलगिरीची तिसरी रांग

प्रिय ताई,

ऱ्हस्व-दीर्घ तपासून पाठवतोय. तरी चूक निघाली तर नववीत शाळा सोडलेल्या भावाचा कान मनातल्या मनात पिळ.

छकुलीची खोकल्याची उबळ कमी झाली का? बाबांचा पलंग आता खिडकीशी आणलाय. तिथून त्यांना निलगिरीच्या तिन्ही रांगा दिसतात. पहिली आठवते? मागे ट्रकतळ झाला, तुला दम लागायला लागला, तेव्हाची. बाबा म्हणायचे, "झाडं धूर गिळतील, पोरगी मोकळा श्वास घेईल." तुझा दम वाढला तशी दुसरी आली. लग्न होऊन गेलीस आणि तिकडे तुझा दम्याचा पंप सुटला, तेव्हा बाबा चिडले होते, "माहेरी आली की बरी धाप लागते हिला! नाटकं नुसती!" आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने तिसऱ्या रांगेचे खड्डे खणायला बसले.

हवा मोजायच्या केंद्रात मी यंत्रांच्या जाळ्या बदलतो, ते तुला माहीत आहे. आपल्या वस्तीतल्या यंत्राचा आकडा भर दुपारी चढायचा. मला वाटलं, जाळी मीच चुकीची बसवली. काढली, पुसली, परत बसवली. शेवटी मॅडम म्हणाल्या, "अरे, तिला किती छळशील?" मग त्यांनी समजावलं. उन्हात निलगिरीची पानं एक वाफ सोडतात. ट्रकचा धूर तिच्यात मिसळला आणि वर ऊन तापलं, की छातीला झोंबणारा वायू तयार होतो. धूर नसता तर झाडांनी कुणाचं काही बिघडवलं नसतं. तोच वायू उलटून पानांनाही जाळतो. आपल्या झाडांवर तांबूस ठिपके पडलेत ते त्यानेच. बाबा म्हणतात, "पाणी कमी पडतंय, घाल अजून एक बादली." मी घालतो.

परवा त्यांना हे सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "काय रे, माशी गिळलीस का?" स्वतःच हसले आणि हसता हसता दमले. मी उशी नीट केली.

काल त्यांनी सांगितलं, "ताईला लिही, सावली तयार आहे. नातीला घेऊन ये म्हणावं." ते लिहिलं. आता माझं लिहितो. येऊ नकोस. थंडी पडेपर्यंत नको, छकुलीला घेऊन तर नकोच. तोवर बाबा असतील का, असं विचारलं की डॉक्टर चष्मा पुसत बसतात. ताईला सुट्टी मिळाली नाही, असं मी त्यांना सांगणार आहे. ते तुला नाही नाही ते बोलतील. तेवढं सोस. तुझ्यावर रागावलेले बाबा मला बघवतील गं, झाडांचं खरं कळून खिडकीकडे पाठ करून निजलेले नाही बघवणार.

तुझाच,
धाकटा