टेपवरचं गाणं

अहो,

सकाळी दाढी करताना तुम्ही करवादलात, "रोज उठून टेपवर तेच गाणं!" मग स्वतःच ते गुणगुणलात. मी दोन्ही ऐकलं.

त्या गाण्याची फिल्म वत्सलेच्या कॉलेजची मंडळी केलगेरीच्या तळ्यावर काढताहेत. त्यांच्या कॅमेऱ्यात आवाज भरत नाही, म्हणून टेप लावून नुसते ओठ हलवायचे. कॅमेरावाल्याला भाजीच्या हातगाडीवर बसवून चौघं ढकलतात. कमाल आहे पोरांची!

आपल्या मुलीनं पडद्यावर दिसायचं नाही म्हणालात, म्हणून तिची मैत्रीण प्रमिला ओठ हलवते. पण तान आली की तिचं तोंड आधीच मिटतं. तेव्हा माझं हिरवं इरकल नेसवून वत्सलेलाच नेतेय.

भाकरी झाकून ठेवलीय.

टेपवर आपली वत्सलाच गाते. तुम्हांला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि आवडतंही.

इंदू