छातीवरचा पट्टा आणि सहा मजले

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात. प्रत्यक्षात सध्या वाकता येत नाही, त्याचीच ही हकिकत). तुझा गुडघा आणि दाजींचा खोकला आटोक्यात असेल अशी आशा आहे. माझ्या तब्येतीचं विचारू नकोस. ती आता माझी राहिलेली नाही, विद्यापीठाची झाली आहे.

झालं असं, की आमच्या अग्निशमन केंद्रात व्यायामशास्त्राच्या एक संशोधक बाई आल्या आहेत. आग विझवणाऱ्यांच्या शरीरावर किती ताण येतो आणि त्यांना कसला व्यायाम द्यावा, हा त्यांचा विषय. विषय चांगला आहे, पण तो माझ्या अंगावर कशाला? तेवीस वर्षं बंबावर आहे, एवढ्या वर्षांत आगीने मला कधी कमरेचं माप विचारलं नाही. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, आणि माझ्या उत्तरावर विश्वास न ठेवता टेप काढली. वर म्हणाल्या, सगळ्यांची नावं गुप्त राहतील. मी झालो 'नमुना क्रमांक सात, वय एकोणपन्नास'. आता केंद्रात एकोणपन्नास वर्षांचा दुसरा आहे कोण? (माझ्या खालोखाल आहे तो छत्तीसचा, आणि तो मला काका म्हणतो.) त्यात साहेबांनी जाहीर करून टाकलं, की ज्याचे आकडे वाईट येतील तो टेलिफोनच्या टेबलावर बसेल. बंबावरून उतरून टेबलावर!

मंगळवारी सकाळी चाचणी होती. छातीला ठोके मोजणारा पट्टा, अंगात सगळा पोशाख, पाठीवर हवेचं सिलिंडर. पाइपची गुंडाळी खांद्यावर घेऊन तीन मजले चढा, उतरा, मग वाळू भरलेला ऐंशी किलोचा पुतळा अंगणभर ओढा. (पुतळ्याला सगळे 'जावईबापू' म्हणतात, कारण तो स्वतःहून बोटही हलवत नाही.) मी जावईबापूंच्या काखेत हात घातले, कंबर 'कट्' म्हणाली आणि बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते विचारणार, तेवढ्यात घंटा वाजली.

खरी आग! पट्टा काढायला वेळ कुणाला? पाचव्या मजल्यावरचं स्वयंपाकघर पेटलेलं, आणि सहाव्यावर पायांनी अधू असलेल्या एक आजी अडकलेल्या. मी पोचलो तेव्हा त्या खुर्चीत बसून शांतपणे चष्मा पुसत होत्या. त्यांना माझ्या सिलिंडरचा जादा मुखवटा लावला, दोन्ही हातांवर उचललं आणि जिना उतरायला लागलो. तिसऱ्या मजल्याशी धूर विरळ झाला, तर छातीवरचं यंत्र कुईकुई करायला लागलं. आजींनी मुखवटा वर केला.

"बाळा, तुझ्यात काहीतरी वाजतंय रे."

"वाजू द्या. तुम्ही मान घट्ट धरा."

"मी धरलीये. पण मला खाली ठेवून जरा टेकतोस का?"

मी टेकलो नाही. आजी सुखरूप खाली आल्या. संशोधक बाई साहेबांच्या गाडीतून मागोमाग आल्या होत्या, त्या माझ्याकडे धावल्या. मला वाटलं पाणी देतायत. कसलं पाणी! त्यांनी आधी यंत्रावरचे आकडे उतरवून घेतले, म्हणाल्या, "अशी नोंद मला कधी मिळाली नव्हती!" म्हणजे मी जीव तोडून धावायचं आणि हरखायचं यांनी.

आता बारा आठवडे रोज जिने, वजनं आणि वेळेवर झोप, असं फर्मान आहे. तुझ्या भावजयीला ते इतकं आवडलंय की तिने ते भिंतीला चिकटवलंय.

तुझा, सगळीकडून मोजून झालेला,
धाकटा भाऊ

ता.क. टेलिफोनच्या टेबलाचा विषय साहेबांनी आजींनंतर काढलेला नाही. मीही काढत नाही.

आणखी एक ता.क. काल बाईंनी मला बाजूला घेतलं. बाकीच्यांचे ठोके दहा-बारा मिनिटांत खाली येतात, माझे पाऊण तास वरच होते आणि मध्ये दोनदा वेडेवाकडे पडले. हे सांगताना त्यांनी वही मिटून ठेवली होती. गुरुवारी अकराला हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचंय, घरचं माणूस बरोबर आणा म्हणाल्यात. तुझ्या भावजयीला अजून बोललेलो नाही. ताई, तू येशील का? (दाजी नकोत, ते डॉक्टरांशी वाद घालतात.) तू शेजारी बसलीस म्हणजे मी उठून पळणार नाही.