क्लिफच्या कानांची सोय

मी, कर्स्टी ॲन ब्लँचर्ड, वय सव्वीस, धंदा मिळेल तो, मुक्काम सध्या भावाच्या गॅरेजवरची खोली, हॅवर्सबी, लिंकनशायर, डोकं ठिकाणावर असताना, पोटात फक्त चहा असताना आणि कोणी मागे लागलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. याआधी केलेलं कुठलंही मृत्युपत्र रद्द. म्हणजे आठव्या वर्षी वहीच्या मागच्या पानावर सगळे स्टिकर गॅरेथला देईन असं लिहिलं होतं, तेवढंच.

मरायचा विचार नाही. येत्या बुधवारी मी मासेमारीच्या जहाजावर चढते आहे, फॉकलंड बेटांच्याही खाली, आठ महिन्यांसाठी. जहाजाच्या माणसाने फॉर्मवर बोट ठेवून विचारलं, "मृत्युपत्र केलंय?" मी म्हटलं, "माझ्याकडे आहे काय द्यायला?" तो म्हणाला, "मग लवकर उरकेल." उरकलं नाही. तीन आठवडे गेले. बाकी सगळं एका बैठकीत वाटून झालं, पण एक गोष्ट कोणाला द्यावी ते ठरेना, आणि ती दिल्याशिवाय माझा पाय गावातून निघत नव्हता. ती गोष्ट म्हणजे क्लिफर्ड मॉल्टबी यांना सामना सांगायचं काम.

क्लिफ चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. नवव्या वर्षापासून हॅवर्सबी रोव्हर्सच्या मैदानावर, टॅनरी रोडला, गोलमागच्या लोखंडी कठड्यापाशी उभे राहतात. बारा वर्षांपूर्वी त्यांचे डोळे गेले. शनिवार गेला नाही. देशातल्या फुटबॉल क्लबांच्या उतरंडीत आमचा क्लब वरून मोजला तर सातव्या पायरीवर आहे. खालून कोणी मोजत नाही. तीनशे माणसं येतात, त्यातली चाळीस दुसऱ्या गावची. असे सामने रेडिओवाले सांगत नाहीत. मी सतरा वर्षांची होते, शाळेने मला सोडलं होतं की मी शाळेला यावर अजून दोन मतं आहेत, आणि मी मैदानावर कागदी पेले वेचत होते. कठड्यापाशी उभ्या म्हाताऱ्याने हवेत विचारलं, "बॉल कोणाकडे आहे?"

मी म्हटलं, "आपल्याकडे. नाही, त्यांच्याकडे. आता कुंपणापलीकडे कोबीत गेला."

"मग माझं काही चुकलेलं नाही," क्लिफ म्हणाले. "थांब इथेच, पोरी."

थांबले. नऊ वर्षं. माझ्या पायाला भिंगरी आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी मासे डब्यात भरले, जत्रेतले पाळणे फिरवले, स्ट्रॉबेऱ्या तोडल्या, एक हिवाळा स्कॉटलंडात मेंढ्यांमागे काढला. पण शनिवारी दुपारी तीनला कठड्यापाशी. मेंढ्यांच्या मालकाला वाटायचं माझं कुणावर तरी प्रेम आहे.

कलम एक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा भाऊ गॅरेथ ब्लँचर्ड, धंदा छपरं दुरुस्त करणे, याने करावी. घरात फॉर्म भरता येणारा तोच एक. याचा अर्थ मी त्याला माफ केलं असा कोणी काढू नये. रोव्हर्स आम्हा दोघांत बापाकडून आले, जसं काही घराण्यांत टक्कल येतं. पण सहा वर्षांपूर्वी स्टोनबेकला, घरापासून साडेतीन तासांवर, आपण दोन गोलांनी मागे असताना, पंच्याऐंशीव्या मिनिटाला गॅरेथ म्हणाला, "ट्रॅफिक लागेल," आणि निघाला. आम्हाला वाटलं गाडीत बसून राहील. तो गाडी घेऊनच गेला. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला एक, त्र्याण्णवाव्याला दुसरा. बरोबरी! मी आणि क्लिफ नाचलो, मग तीन बस आणि सलगमाचा एक ट्रक करून पहाटे घरी आलो. तेव्हापासून मी गॅरेथशी सगळ्या विषयांवर बोलते, फुटबॉल सोडून. तोही घरी सोफ्यावर बसून मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबचे सामने टीव्हीवर बघतो. तिथे म्हणे ट्रॅफिक लागत नाही.

कलम दोन. माझी जंगम मालमत्ता: तंबू, सायकल, झोपायची पिशवी, बँकेत असेल ते. तंबू ज्याला लागेल त्याला. तो भांडणाशिवाय उभा राहत नाही, म्हणून शक्यतो नवराबायकोला देऊ नये. बँकेतल्यातून क्लिफच्या मांजरीला वर्षभराचं खाणं. सायकल रेमंडला देणार होते, फाटकावर तिकिटं घेतो तो रेमंड, पण त्याच्या गुडघ्यांना विचारून नंतर ठरवलं की ती क्लबच्या पत्र्याच्या खोलीत ठेवावी. त्या खोलीत एक उंदीर आहे, त्याला आम्ही अध्यक्ष म्हणतो. असो. सायकल क्लबला.

कलम तीन. एकोणसाठ परगावच्या मैदानांच्या चिठ्ठ्या, बिस्किटांच्या डब्यात. या देशातली एकही प्रसिद्ध गोष्ट मी पाहिलेली नाही, पण कुठल्या गावातल्या मैदानावर खिम्याची पाई गरम मिळते आणि कुठल्या संडासाला कडी नाही हे त्या डब्यात आहे. परगावी जाणाऱ्या पोरांनी वाचावा. कडी नसलेली पानं आधी.

कलम चार. माझं शरीर समुद्राने परत दिलं तर जाळावं. राख मैदानावर टाकू नये. गवताची निगा राखणारे लोक एवढ्या तेवढ्याला रडतात, आणि त्यांचं बरोबर आहे, राखेने गवत मरतं. दक्षिणेकडच्या गोलमागे, कुंपणापलीकडे, भाज्यांचे वाफे आहेत तिथे कांद्यांत टाकावी. आपले निम्मे फटके तिथेच जातात, त्यामुळे सामना माझ्यापर्यंत येत राहील.

कलम पाच. खोडलं आहे. यात मैदानावरच्या चहाच्या खोपट्यातून मी उचललेला निळा मग खोपटवाल्या ब्रेंडाला परत दिला होता. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं कळल्यावर ब्रेंडाने तो माझ्या हातातून आजच घेतला. आत चहा होता.

कलम सहा. क्लिफ, हे तुम्हाला वाचून दाखवत असतील तर मी मेलेली आहे आणि तुम्हाला रागावता येणार नाही. चार वर्षांपूर्वीचा कोल्डरिजविरुद्धचा तो गोल, जो तुम्ही अजून दर ख्रिसमसला सांगता, तीस यार्डांवरून, हवेत आडवं होऊन, डोक्यावरून उलटा पाय: तो तसा नव्हता. तो कसा होता मला माहीत नाही. मी कुंपणावर बसलेल्या बगळ्याकडे बघत होते. गर्जना झाली, तुम्ही माझा दंड धरलात, "सांग, सांग!" आणि माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. नंतर कळलं की बॉल त्यांच्याच बचावपटूच्या ढुंगणाला लागून आत गेला. त्या संध्याकाळी क्लबच्या बारमध्ये तुम्ही तो गोल उभे राहून सांगितलात, आणि ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ते चाळीस लोक माना डोलवत होते. रेमंड तर म्हणाला, "असा गोल परत नाही." आता तो गोल सगळ्या गावाच्या मालकीचा आहे. मी फक्त माझा हिस्सा सोडते.

कलम सात. आता मुख्य.

मी जाणार असं क्लिफना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जा की. पेंग्विनं बघून ये." मी विचारलं, "आणि शनिवारचं?"

"शनिवारी घरी बसेन."

"काय करणार घरी?"

"मांजरीचं ऐकेन."

विनोद केला, पण मी त्यांना ओळखते. बायको गेली, काम गेलं, डोळे गेले, तेव्हा प्रत्येक वेळी त्यांनी शनिवारच्या कठड्याला धरून आठवडा ओढत नेला. मी ते काढून घेतलं तर आठ महिन्यांनी मी परत येईन, पण कठड्यापाशी कोणी असेल याची खात्री नव्हती.

म्हणून जुलैतल्या सरावाच्या सामन्यांत माणसं लावून पाहिली. रेमंडने नव्वद मिनिटं फक्त "अरे देवा" म्हटलं. क्लिफ म्हणाले, "माहिती खरी आहे, पण कमी आहे." ब्रेंडाला खोपटं सोडता येत नाही. मी नाइलाजाने गॅरेथचं नाव काढलं.

"तो?" क्लिफ म्हणाले. "तो मला पंच्याऐंशी मिनिटांचाच सामना सांगेल."

गॅरेथला जिन्यात गाठून विचारलं. सहा वर्षांत फुटबॉलबद्दल पहिलं वाक्य. तो पायरीवर बसला. म्हणाला, "मला वाटलं होतं तुम्ही मागून येऊन मागच्या सीटवर बसलात. पुढच्या पेट्रोल पंपावर पोचेपर्यंत रेडिओच चालू होता, मागे बघितलंच नाही."

"आणि मग?"

"मग लाज वाटली. लाज वाटल्यावर माणूस परत वळत नाही, कर्स्टी, जोरात चालवतो."

तर हे काम मी गॅरेथला देते, क्लिफ हो म्हणाले तर. हे कलम मी जिवंत असतानाच लागू. सूचना: त्यांना कोपर द्यायचं, त्यांचा दंड धरून ढकलायचं नाही. मध्यंतरात आपला संघ ज्या गोलवर चाल करणार त्या बाजूला सगळ्यांबरोबर चालत जायचं, वाटेत नळाशी पायरी आहे. आवाज चढवायचा नाही. डोळे गेलेत, कान नाहीत. आणि लक्ष दुसरीकडे गेलं, बगळा दिसला, कोणाची टोपी उडाली, तर तेही सांगायचं. मला वाटायचं माझं लक्ष उडतं म्हणून ते वैतागतात. एकदा मी दहा मिनिटं नुसता सामनाच सांगितला, तर म्हणाले, "आज तब्येत बरी नाही का तुझी?"

कलम आठ. हे आज मैदानावर, सामना संपल्यावर, ब्रेंडाच्या खोपट्यात हाताने जोडते.

आज क्रॅनबीविरुद्ध गॅरेथ आला. नवा शर्ट घालून, जणू मुलगी बघायला. मी तीन पावलं लांब उभी राहिले. त्याने सुरू केलं: "डावीकडे. पास. पास. फाऊल. थ्रो."

वीस मिनिटं हेच. क्लिफ म्हणाले, "बाळा, गॅसचा मीटर वाचतोयस काय?"

गॅरेथचे कान लाल. माझ्या तोंडात वाक्यं येऊन थांबत होती, मी हात खिशात घातले. क्लिफनी काठी काखेत धरली. ते घरी निघायच्या आधी असंच करतात. मला वाटलं, संपलं. आता जहाजवाल्याला फोन करून "येत नाही" म्हणून सांगायचं.

तेवढ्यात गॅरेथ समोर बघत पुटपुटला, "त्या स्टँडचे पत्रे कोणी बसवलेत? घड्याळाखालचे तीन. वरचा खालच्याच्या आत घुसवलाय. पाणी सरळ माणसांच्या डोक्यावर. बसवणाऱ्याला धरून—"

"मी बसवले," क्लिफ म्हणाले. "अठ्ठ्याऐंशी साली. फुकट."

"तुम्ही?"

"वाऱ्यासाठी मुद्दाम तसे बसवलेत. समुद्राकडून येतो वारा. तू काय समजतोस, छपरातलं कळायला डोळे लागतात?"

"वाऱ्यासाठी? अहो, वारा तिकडून येतो!"

"गालावर घे आणि मग सांग मला कुठून येतो!"

दोघंही गाल पुढे करून उभे. पाठमोरे होऊन. मैदानावर सगळे ओरडले.

"काय झालं?" क्लिफनी विचारलं.

"गोल," गॅरेथ म्हणाला.

"कोणाचा?"

"थांबा, बघतो."

त्यांचा होता. नंतर अजून एक. हरलो, दोन शून्य. शेवटच्या शिट्टीपर्यंत पत्र्यांचे खिळे चालू होते, मध्ये मध्ये सामनाही. मी क्लिफना हळूच विचारलं, "कसा आहे?"

"भयंकर आहे," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी त्याला अर्धा तास आधी यायला सांग. त्याच्या खिळ्यांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाहीये अजून."

नऊ वर्षांत पहिल्यांदाच मी अख्खा सामना तोंड मिटून पाहिला. आपण फारच वाईट खेळतो, हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या अर्ध्यात कोणालाच माझी गरज नाही असं लक्षात आलं, तेव्हा मी जाऊन पाई खाल्ली. गरम होती. काम गॅरेथचं झालं. परत आले तर मागणार नाही, क्लिफच्या दुसऱ्या बाजूला उभी राहीन.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं, आणि मला मान्य आहे.

सही: कर्स्टी ॲन ब्लँचर्ड

आमच्या दोघांच्या समोर, एकाच वेळी, काउंटरवर सांडलेल्या चहाच्या बाजूला तिने सही केली. तिच्यासमोर आम्हीही करतो:

१. ब्रेंडा ई. थकर, चहाचं खोपटं, टॅनरी रोड
२. रेमंड पायगॉट, फाटक क्रमांक एक (दुसरं फाटक नाही)

टॅनरी रोड मैदान, हॅवर्सबी. शनिवार, १६ ऑगस्ट २०२५.

टीप: श्री. क्लिफर्ड मॉल्टबी यांनाही साक्षीदार व्हायचं होतं. सही होताना डोळ्यांनी पाहणारा माणूस लागतो, म्हणून चालत नाही असं रेमंडने सांगितलं. "पेन कागदावर फिरलेलं मी ऐकलं," असं ते म्हणाले, आणि तसं लिहून घ्या म्हणाले. लिहून घेतलं. ते हजर होते.