कालाफीच्या छातीतलं यंत्र

३ जून

मी नाही म्हणाले! नर्स ब्रॉनविन म्हणते, "आता शेवटच्या दिवसांत त्यांच्या छातीतलं यंत्र डीॲक्टिव्हेट करू या." म्हणजे गं काय? "बंद करायचं." इतकं सहज — जणू हीटरच! कालाफी त्या यंत्रावर तर जगतोय. आणि हा माझा शहाणा नवरा म्हणतो, "सेला म्हणेल तसं." ती पुढे काहीबाही समजावत होती. मी तडक बाहेर आले. हा मागाहून आला, बऱ्याच वेळाने.

५ जून

जेवताना त्याला यंत्राचा धक्का बसला. ताट उडालं. "घोड्याने लाथ घातली," म्हणाला आणि हसला. मग त्या यंत्राबद्दल काही सांगू लागला. तो विषय नको, म्हटलं!

९ जून

वन्सं टोंगाहून सिडनीला आल्या. त्यांच्या शब्दापुढे कालाफीसुद्धा जात नाही. "माझ्या भावाचं बटण दाबणारी तू कोण गं?" खरंच, मी कोण! सुटल्यासारखं वाटलं.

१४ जून

आंघोळ घालताना धक्के. एकामागून एक. माझ्याही हाताला झिणझिण्या आल्या. कालाफी रडला — पहिल्यांदाच. वन्संनी दारातून पाहिलं. "सोडू या त्याला, सेला."

१७ जून

सगळं गणगोत जमलं. काळे कपडे, आमच्या टोंगाच्या रीतीने कमरेला मयताच्या चटया. चर्चची मंडळी गायला लागली. ब्रॉनविनने त्याच्या छातीवर काहीतरी धरलं, बटणं दाबली. "झालं."

कोणी श्वास घेईना. कालाफीने एक डोळा उघडला. "कोण गेलं? आणि जेवणाला लू शिजतंय ना? अळूचा वास येतोय."

वन्सं रडत ओरडल्या, "मेल्या, आम्ही चटया नेसून आलोय!"

ब्रॉनविन गांगरलीच. "अहो, हृदय चालूच राहतं. फक्त धक्के बंद होतात!"

हेच सांगत होती ती त्या दिवशी. मी ऐकून घेतलं नाही. इतके दिवस त्याने लाथा खाल्ल्या, त्या माझ्यामुळे.

२४ जून

शांत झोपतो आता. माफी मागायला तोंड उघडते, आणि "चहा घेतोस?" विचारते.

२ जुलै

पहाटे गेला. झोपेत. माझा हात त्याच्या छातीवरच होता.

६ जुलै

ब्रॉनविन दफनाला आली होती. म्हटलं, तेव्हा तुझं ऐकलं असतं तर गं! तिने माझा हात धरला. मग म्हणाली, "तुम्ही बाहेर गेल्यावर मी त्यांना सगळं समजावलं होतं. लगेच बंद करू का, विचारलं. म्हणाले — थांबू या. सेला अजून तयार नाही."