मुंगीसाठी पट्टा

३ मार्च, मंगळवार

आज उगाच शहाणपण पाजळलं. गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं?

मुंगी, म्हणजे ताईची मुलगी. लहानपणी एवढीशी होती म्हणून मुंगी, आता सतरा वर्षांची आणि स्वतःच्या दीडपट वजन उचलते! महिनाअखेर तिची वेटलिफ्टिंगची निवडचाचणी. निवड झाली तर दोन वर्षं शिबिरात राहणं, खाणं, शिकणं. पुढच्या वर्षी वयात बसत नाही, म्हणजे ही एकच संधी.

कोचबाई म्हणाल्या, तिला कमरेचा पट्टा घ्या. हलका, पोटाकडे निमुळता होत गेलेला, वेलक्रोचा असला तर उत्तम. तिला वजनांचा बार जमिनीवरून झटक्यात खांद्यावर घ्यायचा असतो, त्याच्याखाली खोल बसायचं असतं, मग उठून डोक्यावर. मधे काही आडवं येता कामा नये.

मी म्हणालो, वेलक्रो? ते तर पोरांच्या बुटांना असतं! तीस वर्षं सोफे शिवतोय, चामड्यातलं मला विचारा. शिवाय मीही व्यायामशाळेत जातो, माझा पट्टा आहे — जाड, चहूकडून सारखा रुंद. तसाच मुंगीला मी स्वतः करून देणार!

"तुमचा प्रकार वेगळा आहे," कोचबाई म्हणाल्या. खरंच वेगळा आहे. मी बार पाठीवर घेऊन उठाबशा काढतो आणि जमिनीवरून मांड्यांपर्यंत ओढतो, बस्स. पण ताईसमोर माघार कशी घ्यायची?

९ मार्च, सोमवार

पट्टा झाला. दोन थर, दहा मिलिमीटर जाडी, मेण लावलेल्या दोऱ्याची दुहेरी शिवण, दोन काट्यांचं पितळी बक्कल. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकानं किंमत विचारली!

ताईच्या घरी सगळ्यांसमोर मुंगीला बांधला. भावजींनीसुद्धा हात फिरवून बघितला, आणि त्यांनी माझ्या कुठल्याच कामाला आजवर बरं म्हटलेलं नाही. मुंगी म्हणाली, भारी झालाय. मग खाली बसून बघितलं तिनं — आणि जरा लवकरच उठली. मला दिसलं ते.

१७ मार्च, मंगळवार

मुंगीच्या फासळ्यांखाली लाल वळ उठलाय. ताईनं दाखवला. मी म्हणालो, नवं चामडं आहे, बसेल हळूहळू. बसतं खरं. पण सोफ्याला त्यासाठी वर्ष मिळतं, हिच्याकडे बारा दिवस आहेत.

घरी येऊन माझा पट्टा बांधला आणि मुंगीसारखा खोल बसायला गेलो. पोट आणि मांड्यांच्या मधे पट्टा अडकला, श्वास कोंडला, दाणकन बुडावर आपटलो. बायको हसली. मीही हसलो. लगेच मुंगीला फोन करायला हवा होता. केला नाही.

२२ मार्च, रविवार

आज फोन हातात घेतला. मग वाटलं, चाचणी आठवड्यावर आली, आता पट्टा बदलायला सांगितलं तर तिचं लक्ष उडेल. काय सोयीचं कारण सापडलं! इतका कोडगा कधी झालो मी?

२९ मार्च, रविवार

पळालो. एवढंच लिहून वही मिटणार होतो.

पहिला प्रकार, बार एका झटक्यात थेट डोक्यावर न्यायचा, तिनं पट्ट्याशिवाय केला, झकास झाला. मग खांद्यावर घेऊन डोक्यावर न्यायचा प्रकार. तीन संधी. बार एकदा जरी डोक्यावर स्थिरावला तर निवड जवळजवळ पक्की, तिन्ही हुकल्या तर नावच बाद. मी पहिल्या रांगेत, बारच्या बरोबर समोर. मुंगीनंच तिथे बसवलं होतं.

पहिल्या वेळी बार वर येता येता बक्कलवर आपटला. टण्ण! अख्ख्या हॉलनं ऐकला तो आवाज. बार पुढे गेला, पडला. दुसऱ्या वेळी तिनं तो खांद्यावर घेतला, खाली बसली, आणि उठताच येईना. पट्टा फासळ्यांत रुतलेला, तोंड लालबुंद. बार सोडून दिला तिनं.

शेजारी कुणाचे तरी वडील बसले होते. म्हणाले, असला पट्टा हिला दिला कोणी? मी उठलो. सरळ बाहेर गेलो आणि नळाखाली तोंड धूत बसलो. थोड्या वेळानं आतून वजन पडल्याचा आवाज आला, मग लोकांचा "अरेरे". तिसरी संधीही गेली.

नंतर कोचबाईंनी विचारलं, हा पट्टा शेवटी ठरवला कोणी. मी म्हणालो, "तिलाच आवडला." मुंगी तिथेच उभी होती, हातावरची खडूची पूड झटकत. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. कोचबाई तिला बरंच बोलल्या. मी मूग गिळून उभा!

३० मार्च, सोमवार

लाज वाटते. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

ताईचा फोन. मुंगी सरावाला जात नाही, धड जेवत नाही. वर ताई मलाच म्हणते, तू एवढ्या हौसेनं पट्टा केलास, तीच कमी पडली, तू मनाला लावून घेऊ नकोस. माझं सांत्वन! मी नुसता हूं हूं करत राहिलो. त्यानंतर एका खुर्चीचं चामडं उलटं शिवलं, सगळं उसवत बसलो.

८ एप्रिल, बुधवार

व्यायामशाळेत मला मास्तर म्हणतात, कारण न विचारता सल्ला देतो. आज एका नव्या गृहस्थांनी विचारून सल्ला मागितला — पट्टा कुठला घेऊ? म्हणालो, तुम्ही काय उचलता, कसं उचलता ते आधी बघा. बार अंगालगत वर आणायचा असेल तर माझ्यासारखा घेऊ नका. तुम्हाला शिकवणाऱ्याला विचारा. मला नका विचारू! ते बिचारे बघतच राहिले. परक्या माणसाला सांगायला जीभ लगेच वळली.

११ एप्रिल, शनिवार

कोचबाईंकडे गेलो. पट्टा माझा, हट्ट माझा, वळ दिसूनही गप्प बसलो, आणि त्या दिवशी खोटं बोललो, सगळं सांगितलं. निवडीची यादी आता बदलत नाही, त्या म्हणाल्या. माझ्याकडे रागानं बघितलंही नाही त्यांनी, तेच जास्त लागलं.

"हे मला सांगून काय उपयोग? तिला सांगा."

उद्या.

१२ एप्रिल, रविवार

मुंगीला सांगितलं. काहीही न वगळता. पायांकडे बघत ऐकत राहिली. मग म्हणाली, "तिसऱ्या वेळी पट्टा नव्हताच, मामा. मी काढून ठेवला होता. बार खांद्यावर आला, नीट उठलेही मी. समोर बघितलं तर तुझी खुर्ची रिकामी. वाटलं, तुला काहीतरी झालं."

उठून जावंसं वाटलं. बसून राहिलो.