राणीसाहेबांची कुणबीण

सोमवार, ६ एप्रिल १९८७, जळगाव

आज सात पानं वाचली — मोठ्यानं! अक्काच्या गच्चीवर पाच बाया ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, थापत होत्या. मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून राणीसाहेबांची कादंबरी वाचत होतो. पहिलं पान कुणीतरी पळवलंय, त्यामुळं पुस्तकाचं नाव माहीत नाही. नाव काय करायचंय! बादशहाच्या छावणीत कैद झालेली राणी, जनानखाना, अत्तराचे हौद — बायांचे हात थांबत होते. मी आठवी नापास, तीन कामं सोडलेला. आणि सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या! धुळ्याला वडलांना, आबांना, हे दिसायला पाहिजे होतं.

मधेच आलं — ‘राणीसाहेबांनी कुणबिणीला हाक मारली.’

शेजारची सुंदरबाई ताडकन म्हणाली, "काय? दरबारमा बी आपली बाई शे?"

"मग! आपलीच शे."

म्हाताऱ्या भिकुबाईनं पीठ हातातच धरलं. "तिनं गाव कोनतं रे?"

"नशिराबाद." ठोकून दिलं. पुस्तकात गावबिव काही नाही. पण कुणबीण म्हणजे कुणब्याची बाई. त्यात खोटं काय?

गुरुवार, ९ एप्रिल

पुस्तकात ती नुसती पानदान आणते, पाय चेपते. मी तिला बोलायला लावलं. राणी रडायला लागली की ती म्हणते, "रडं मागून, बाईसाहेब. आधी भाकर खा." भिकुबाई हसून हसून लोळायची बाकी राहिली. आता राणीला कुणी विचारत नाही. सकाळी तोंड धुतो न धुतो तोच अक्का — "अभिमन, त्या कुणबीणनं पुढे काय व्हयनं?"

मोठी बहीण माझ्या मागं मागं फिरतेय. आयुष्यात पहिल्यांदा.

शनिवार, ११ एप्रिल

माझा दोस्त वना मिरच्या आणायला ट्रक घेऊन दोंडाईच्याला निघालाय. चल म्हणाला. चाललो. दोन दिवसांत परत. पुस्तक अक्काच्या कोनाड्यात ठेवलंय.

शुक्रवार, १७ एप्रिल

दोनाचे सहा झाले. दोंडाईच्यात मिरच्यांनी शिंकून शिंकून जीव गेला, मग शहादा, मग धुळ्यात दोन सिनेमे. (आबांना भेटलो नाही.) आज आलो, जिना चढतोय तर वरून आवाज — पुरुषाचा!

रुपचंद मास्तर. अक्काच्या मागच्या खोलीतला नवा भाडेकरू. माझ्या टाकीच्या सावलीत, माझं पुस्तक मांडीवर. आणि वाचतो कसा! राणीचा आवाज वेगळा, बादशहाचा घोगरा. सुंदरबाई तर डोळे मिटून.

अक्कानं मला बघितलं. "ये, बस, ऐक. मास्तर काय भारी वाचतस!"

मी ऐकू? मी!

चहा आला. त्याला बशीसकट कप. मला पेला. मला कायम पेलाच असतो. आज दिसला.

सोमवार, २० एप्रिल

मास्तरनं जिन्यात गाठलं. हळू आवाजात म्हणाला, "अभिमनभाऊ, कुणबीण म्हणजे काय ते माहीत आहे ना? त्या काळात विकत घेतलेल्या बाईला म्हणायचे. जातीचा काही संबंध नाही."

"मला शिकवता?" म्हटलं आणि खाली उतरलो. कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. स्टेशनापर्यंत चालत गेलो.

विकत घेतलेली बाई! भिकुबाईनं तिच्यासाठी बिबडी बाजूला काढून ठेवली होती, थट्टेत का होईना. आता हा शिकलेला माणूस सगळ्यांपुढं सांगणार. मग मी कोण? खोटारडा. पुन्हा पेल्यातला.

मंगळवार, २१ एप्रिल

मास्तरनं बायांना अजून सांगितलं नाही. डाव साधतोय.

गुरुवार, २३ एप्रिल

केलं! अक्का दळण आणायला गेली होती. ब्लेडनं शेवटची अकरा पानं कापली. घडी करून पँटच्या खिशात. वाचलीसुद्धा नाहीत. वाचनालयाचं कार्ड माझ्या नावाचं, पुस्तक माझ्या नावावर. आता वाच म्हणावं मास्तरला! अडकला की बाया माझ्याकडंच वळतील. शेवट मीच सांगणार.

शनिवार, २५ एप्रिल

आज तो तिथं पोचला. मी दारात उभा. पान उलटलं — पुढं पुठ्ठा. बोटानं कापलेल्या कडा चाचपल्या.

आणि हा वाचतच राहिला! पुठ्ठ्यावर नजर ठेवून, त्याच आवाजात. बादशहा म्हणतो, "राणी, तुला सोडलं. काय पाहिजे ते माग." राणी म्हणते, "हिरेमाणकं ठेवा. माझी कुणबीण द्या." मग ती कुणबीण निघते. बऱ्हाणपूर, रावेर, सावदा, उन्हातान्हात घोड्यावर. नशिराबादच्या वेशीत उतरते तर तिची आई तिला ओळखत नाही. ती म्हणते, "आधी भाकर दे, मग ओळख."

अक्का पदर तोंडाला लावून रडली. भिकुबाई ओरडली, "उनी वं माय घर!" जशी तिचीच लेक घरी आली.

नशिराबाद त्याला बायांनीच सांगितलं असणार. भाकरसुद्धा. माझी बाई, माझं गाव, माझी भाकर — आणि मला असं जमलं नसतं. शंभर वर्षांत जमलं नसतं! अंगाची आग आग होतेय.

रविवार, २६ एप्रिल

खिशातली पानं वाचली. सातव्या पानावर ती आहे. एकच ओळ. बादशहानं दोन घोडे आणि एक कुणबीण सरदाराला बक्षीस दिली. नाव नाही.

मास्तरच्या दारात गेलो, पानं पुढं केली.

त्यानं घेतली नाहीत. म्हणाला, "शेवट मी आधीच वाचला होता. मीच कापणार होतो, भाऊ. चार दिवस धीर होत नव्हता."